डावीकडची पाकळी

काल रवळनाथाच्या देवळात ओल्या जांभ्याचा वास आला आणि मी पुन्हा सात वर्षांची होऊन, आईचं लुगडं घट्ट धरून गाभाऱ्याशी उभी राहिले. वादळात बाबांची होडी परतली नव्हती. गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर बाबा येणार. समईच्या उजेडात खांबांवर कोरलेले द्वारपाल हलत होते.

डावीकडची पडली.

"देवान उजवो कौल दिल्यान गो!" गुरव म्हणाले. आई रडत हसली.

म्हातारा खोटं बोलतोय, हे तिला कसं सांगू? रात्रभर मी टक्क जागी होते.

सकाळी बाबा आले. देवाचं तोंड आपल्याकडे, म्हणून त्याचं उजवं ते आपलं डावं, हे मी विचारल्यावर त्यांनीच हसत सांगितलं.

तरी काल आताच्या गुरवांनी कौलासाठी पाकळ्या हातात घेतल्या आणि मी डोळे मिटले.