तिघांची बोट

लंकाबाईचा हात लागला की माणूस गाल धरूनच बसायचा, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये कुणालाही विचारा. छाटणीला जाणाऱ्या बायकांच्या टोळीची ती मुकादम. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं टोळीतल्या पोरीचा पदर ओढला, तर हिनं छाटणीची कात्री त्याच्या दंडात अशी खुपसली की गडी रक्त गाळत बांधावरून पळत सुटला. मुकादम असावी तर अशी, असं बायका म्हणायच्या.

पण तोच हात घरीही चालायचा, त्याचं काय? नवरा लवकर गेला, पोरगा एकटीनं वाढवला, सगळं खरं. पण अमोलनं दूध सांडलं की फटका, मार्क कमी पडले की फटका, आणि एकदा उलट बोलला म्हणून पाठीवर लाटणं मोडलं. नोकरी लागली तसा तो नाशिकच्या इंदिरानगरला राहायला गेला, लग्न केलं, आणि आईला एकदाही म्हणाला नाही की चल आमच्याकडं. हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. आता तिचा सगळा जीव नातीत, छोट्या वेदिकात.

उन्हाळ्यात अमोलनं डहाणूच्या समुद्रावर जायचं ठरवलं. सोबत हवा भरायची छोटी बोटही न्यायची. "आजीपण!" वेदिकानं हट्ट धरला, म्हणून बोट घ्यायला लंकाबाईलाही नाशिकच्या दुकानात नेलं. दुकानदारानं दोन बोटी फुगवून मांडल्या. एक चौघांची, जाड, हवेचे कप्पे वेगवेगळे. दुसरी तिघांची, पातळ, एकाच कप्प्याची. अमोल तिघांच्या बोटीकडं वळला.

"आरं, आपण चार मानसं हाय ना?" लंकाबाई म्हणाली.

"तू काठावर बस ना आई. सामानाकडं बघायला कुणीतरी लागेलच."

सामानाकडं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून तृप्ती हळूच म्हणाली, "अहो, मोठीच घेऊया." तसा अमोल तिच्या कानाशी वाकला. "पाण्यात वेदिका घाबरली, रडली, की आईचा हात उठणार. मला ते नकोय." लंकाबाईनं ऐकलं. भर दुकानात त्याच्या थोबाडीत मारली असती, पण वेदिका तिचं बोट धरून उभी होती.

नवं वाहन आधी गावी आणायचं आणि नारळ फोडायचा, ही घरची रीत. मोटारसायकलला फोडला, कारला फोडला, मग बोटीलाच का नाही? दिराच्या शेततळ्याकाठी अमोलनं बोट फुगवली, लंकाबाईनं हळदकुंकू वाहिलं. मग नारळ उचलला आणि गिळून ठेवलेला सगळा राग बोटीपुढच्या दगडावर काढला. नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या. करवंटीचा एक टोकदार तुकडा बोटीत जाऊन पडला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं, त्या तुकड्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

"आधी मी एकटा बघतो," म्हणून अमोल बसला. पोहता येत नव्हतं गड्याला, आणि लाइफ जॅकेट म्हणे डहाणूला गेल्यावर बघू! तळ्याच्या मध्यावर तो गुडघ्यांवर उठला, आणि करवंटी त्याच्या वजनाखाली बोटीच्या तळात घुसली. फस्स! बोटीचा पार लोळागोळा झाला.

शेततळ्याचा उतार म्हणजे सगळा प्लॅस्टिकचा कागद, वर शेवाळ. अमोल उरल्यासुरल्या बोटीला धरून धडपडत काठाशी आला, नखांनी कागद ओरबाडला आणि घसरून खाली गेला. वर आला तेव्हा तोंडातून पाणी आणि "आई!" एवढंच. तृप्ती किंचाळत होती. लंकाबाईनं ठिबकचा जाड पाइप त्याच्याकडं फेकला. "धर मेल्या, धर!" टाचा रोवून ओढलं तिनं. तळहातांची सालटी निघाली तरी सोडलं नाही. अमोल काठावर पालथा पडला आणि भडाभडा ओकला. त्याच्या गुडघ्यात करवंटीचा तुकडा रुतला होता.

तिनं तो पाहिला. आपलाच नारळ, आपलाच राग. आपल्याच हातानं पोरगा गेला असता! बाई मुळापासून हादरली, आणि हादरली की तिला एकच येत होतं.

"पवता येत नाय आन् पाण्यात शिरतो? मरायचंय तुला?" एक कानाखाली, मग दुसरी. ओकणाऱ्या पोराच्या पाठीत दणादण गुद्दे. ती रडत होती आणि मारत होती.

"बाबाला मारू नको!" वेदिका मध्ये घुसली. सुटलेला हात थांबला नाही. पोर दगडावर जाऊन आपटली, ओठ फुटला.

लंकाबाई गुडघ्यांवर आली, दोन्ही हात पसरले. "ये माझी बाय. चुकलं गं माझं. ये."

वेदिका आईच्या मागं सरकली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, पण तिनं दोन्ही हातांनी घाईघाईनं डोळे पुसले.

"मी नाही रडत, आजी," ती म्हणाली. "बघ ना. नाही रडत मी."