फोन कोणी लावला

सीटवाल्याला राग आला की तो तोंडात मूठभर खिळे भरायचा. बस-ट्रकच्या फाटक्या सीटवर नवं रेक्झिन चढवणं हा त्याचा धंदा. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा आणि हातोडीने ठोकायचा, ही त्या धंद्याची रीतच. खिळे तोंडात असले की माणसाला शिवी देता येत नाही. त्यामुळे 'काय शांत माणूस आहे' असं सगळा रस्ता म्हणायचा. कसला शांत? आतून नुसता उकळायचा.

मुलगी त्याची होती, फक्त कायद्याने नव्हती. बायको पहिला संसार मोडून आली तेव्हा पोर तिच्या कडेवर होती. पोरीचा जन्मदाता जुन्या गाड्या विकायचा. जिभेवर साखर, म्हणून बायकोच्या माहेरी त्याला गोडबोल्या म्हणत. हा गोडबोल्या ना कधी पोरीच्या तापात उशाशी बसला, ना त्याने कधी एक फ्रॉक पाठवला. शाळेत सोडणं, पाढे घोकून घेणं, पोर रात्री ओकली की चादर बदलणं, ते सगळं सीटवाल्याकडे.

पण सीटवाल्याला एक खोड होती. पोरीच्या दर वाढदिवसाला तो स्वतः गोडबोल्याला फोन लावायचा, पलीकडून आवाज आला की फोन पोरीच्या हातात द्यायचा आणि दार लोटून बाहेर जाऊन बसायचा. बाप-लेकीचं बोलणं आपण कशाला ऐकायचं, असं त्याचं म्हणणं. बायको चिडायची.

"अहो, गेलेली ब्याद आहे ती. कशाला परत बोलावता?"

"माझा बाप सोडून गेला, तर आईने त्याचं नावही घरात काढू दिलं नाही," तो म्हणायचा. "केस पिकले तरी मी अजून रस्त्यात लोकांची नाकं बघतो, माझ्यासारखं कोणाचं आहे का म्हणून. पोरीचं तसं व्हायला नको."

मग बायकोचं मोठं ऑपरेशन झालं. त्यातून ती उठली, पण धास्ती मनात राहिली. तिने वकीलबाईंना विचारलं, मला काही झालं तर पोर कोणाकडे जाईल? वकीलबाईंनी सरळ सांगितलं, गोडबोल्याने मागितली तर त्याच्याकडे. सीटवाल्याला मुलगी दत्तक घेता येईल, पण जन्मदात्याची संमती हवी. ती मिळत नसेल, तर त्याने मुलीशी काही संबंधच ठेवला नाही, हे कोर्टात सिद्ध करायला हवं.

संमती मागितली, तर गोडबोल्या म्हणाला, "माझं रक्त आहे ते. असं कसं देऊन टाकू?" इतकी वर्षं हे रक्त कुठे पेंड खात होतं कोण जाणे.

प्रकरण कोर्टात गेलं. वकीलबाई म्हणाल्या, मुलीलाही बोलू द्या. सीटवाला अडून बसला. "पोरीला त्यात ओढायचं नाही. काय विचारायचं ते मला विचारा."

विचारलं. गोडबोल्याच्या वकिलाने एकच प्रश्न धरला.

"दर वाढदिवसाला मुलीचं वडिलांशी बोलणं व्हायचं की नाही?"

"व्हायचं. पण फोन मी..."

"विचारलं तेवढंच सांगा. व्हायचं?"

"व्हायचं."

वकीलबाईंनी उठून, फोन लावणारा कोण हे त्याच्याकडून वदवून घेतलं. काही उपयोग झाला नाही. फोन कोणीही लावो, वडिलांनी तो घेतला, मुलीशी बोलले, कधी टाळलं नाही, तेव्हा संबंध तुटलेला नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पोरीला बाप माहीत असावा म्हणून सीटवाला झटला, आणि त्याच फोनांनी त्याला कोर्टात परका ठरवलं.

बाहेर व्हरांड्यात गोडबोल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मनात काही ठेवू नका हं. तुम्ही फार छान सांभाळता तिला. असंच सांभाळत राहा."

आयत्या बिळावरचा नागोबा, आणि वर बीळ खणणाऱ्याची पाठ थोपटतो. सीटवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात खिळे नव्हते. त्याने हासडलेली शिवी ऐकून कोर्टाचा शिपाईसुद्धा वळून बघायला लागला.

वकीलबाईंनी आता ताकीद दिली. इथून पुढे तुमच्याकडून एकही फोन जाता कामा नये. त्याचाही आला नाही, तर पुन्हा अर्ज करू.

वाढदिवस आला. "आज फोनला हात लावलात तर बघा," बायकोने सकाळीच बजावलं. त्याने लावला नाही. दुकान बंद ठेवून तो घरातच येरझाऱ्या घालत राहिला. फोन टेबलावर गप्प पडून होता. जितका तो गप्प राहील तितकी केस पक्की, हे त्याला कळत होतं. तरी संध्याकाळ होऊ लागली तसा त्याचा पारा चढत गेला.

"अरे, एक तरी फोन कर, नालायका," तो फोनकडे बघून म्हणाला.

बायकोने कपाळाला हात लावला. "वेड लागलंय का तुम्हाला? त्याने केला तर आपलंच नुकसान आहे."

"होऊ दे नुकसान. पोरीचा वाढदिवस आहे, आणि त्या माणसाला आठवण नाही? दर वर्षी बोलायचा ना तिच्याशी?"

पोर दारात उभी राहून ऐकत होती.

"बाबा, त्यांना माझा वाढदिवस माहीतच नाही," ती म्हणाली. "दर वर्षी ते विचारायचे, आज काय आहे? मग म्हणायचे, बरं बरं, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."

सीटवाला खालीच बसला. "मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने लावायचात. ठेवल्यावर पण मी थोडा वेळ एकटीच बोलत बसायचे. तुम्ही बाहेर होतात ना."

"आणि कोर्टात? तिथे तरी सांगायचंस."

"तिथे कोण येऊ देत होतं मला?" पोर म्हणाली. "तुम्हीच नको म्हणालात."