व्हेलच्या हाडातली मुलगी

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय शहराहून निघताना बायकोने बॅगेत दोन स्वेटर कोंबले, तेव्हा ऑगस्टमध्ये कशाला म्हणून मी हसलो होतो. अलास्कातल्या नोमला उतरलो आणि दोन्ही एकावर एक चढवले. करड्या समुद्राकाठी बुटकी लाकडी घरं. झाड मात्र औषधालाही नाही.

तिसऱ्या दिवशी धुक्यामुळे परतीची फ्लाइट कॅन्सल झाली. वेळ जावा म्हणून लॉजच्या मालकिणीने मला शेजारच्या ॲग्नेसकडे पाठवलं. ॲग्नेस पन्नाशीची शिल्पकार, व्हेलच्या जुन्या हाडांतून माणसं कोरणारी. बोलता बोलता मी 'एस्किमो कला' असं म्हणून गेलो.

"ते नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही इन्युपिआट. म्हणजे खरी माणसं."

नागपुरातल्या ज्या वस्तीत मी वाढलो, तिथे दुसऱ्यांनी ठेवलेली नावं कशी बोचतात हे कुणाला समजावावं लागत नाही. मी माफी मागितली. तिने वाळवलेला सामन मासा सीलच्या तेलात बुडवून पुढे केला. वास उग्र होता, पण सुकटावर वाढलेल्या मला दुसरा घास जड गेला नाही.

टेबलावर एका मुलीचा चेहरा होता. डोळे, नाक, गाल सगळं होतं; तोंडाच्या जागी सपाट हाड. शाळेत आपली भाषा बोललं की शिक्षक तोंडात साबण कोंबायचे, ॲग्नेसने सांगितलं. ती स्वतः तेव्हा सात वर्षांची होती. शिल्प दुसऱ्या दिवशी अँकरेजच्या प्रदर्शनाला जायचं होतं. पण मी येण्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्या आईने ते पाहिलं आणि ती म्हणाली, या मुलीचं तोंड उघड. हाड ठिसूळ, तडकलं तर वर्षाची मेहनत मातीत.

तिच्या जागी मी असतो तर तसंच पाठवलं असतं. ॲग्नेसने मात्र मास्क चढवला आणि कोरायचं यंत्र सुरू केलं. पांढरी धूळ उडत राहिली. एकदा बारीक कट्‌ आवाज झाला आणि हनुवटीपर्यंत चीर गेली. तिचा हात थांबला. चीर पुढे वाढली नाही; ती तशीच ठेवून तिने ओठ पुरे कोरले.

मग तिने आईला हाक मारली. त्या आजी काठी टेकत आल्या आणि त्यांनी मुलीच्या उघड्या ओठांवरून बोट फिरवलं.

"ई," त्या म्हणाल्या. ई म्हणजे हो.

ट्रॉयला परतल्यावर जेवताना मी ही हकीकत मुलीला मराठीत सांगितली. तिने नेहमीसारखे सगळे प्रश्न इंग्रजीत विचारले. आजवर मी तिला "मराठीत बोल" म्हणून दटावत असे. धाकाने भाषा गप्प करता येते. बोलती करता येत नाही. या वेळी न दटावता मी सांगत राहिलो. ती ताट कोरडं होईपर्यंत ऐकत बसली.