थोरलीच्या डोक्याचं माप

दुकानात शिरणारा माणूस आधी डावीकडे बघतो की उजवीकडे, यावर धाकटीचा दिवस कसा जाणार ते ठरायचं.

डावी भिंत थोरलीची. तिथे जुन्या हॅट्स. कुणाच्या घरातून निघालेल्या, कुणाच्या मागे राहिलेल्या, कुणी नाटकापुरत्या घेऊन विसरलेल्या. थोरली त्यांना वाफ देत नसे की रंग देत नसे. मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि खुंटीला अडकवायची. उजवी भिंत धाकटीची. तिथे माणसाच्या डोक्याच्या आकाराचे लाकडी ठोकळे, किटली, इस्त्री, दोऱ्याची रिळं. इथे माप घेऊन नवी हॅट करून मिळे. मधे जमिनीवर रेघ ओढलेली नव्हती, पण होती. एकीने दुसरीच्या मालाला हात लावायचा नाही, हा वडील गेल्यापासूनचा करार. तो कुणी बोलून दाखवला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता.

"दोघी बहिणी मिळून अख्ख्या पेठेला टोप्या घालतात," लोक म्हणायचे.

"माझ्याकडच्या आधीच कुणीतरी घातलेल्या असतात," थोरली सुनवायची. "पाप निम्मं."

धाकटी नुसती हसायची. तिला असं चटकन सुचत नसे. तिचं सगळं सुचणं बोटांत उतरलं होतं. कपाळावरून मापाची पट्टी फिरवून ती दोन्ही हातांनी डोकं चाचपायची. कुठे उंचवटा, कुठे खळगा, कोणत्या कानावर भार जास्त. त्या वेळी गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. का, ते तिला कधी कळलं नाही. मोठमोठी माणसं, आवाज चढवून बोलणारी, तिच्या हातात डोकं दिलं की गप्प व्हायची. लग्न तिने केलं नाही. पण पेठेतली निम्मी डोकी तिच्या हाताखालून गेली होती, आणि रस्त्यात समोरून कुणी आलं की तिला नावाआधी आकार आठवायचा.

एकदा निवृत्त होणारा बसचालक आला. सगळी नोकरी सरकारी टोपीत गेली, आता एक आपल्या मनाची घ्यायची म्हणाला. दारात उभा राहून त्याने दोन्हीकडे बघितलं.

"इकडे या," थोरली म्हणाली. "ही राखाडी बघा. आतलं चामडं बघा कसं एकसारखं काळं झालंय. हिच्या मालकाला कशाची घाई नव्हती."

"आधी माप तर घेऊ द्या," म्हणत धाकटीने त्याला स्टुलावर बसवलं. हात फिरवून म्हणाली, "तुमचं डोकं डावीकडे जरा फुगीर आहे. म्हणून तयार टोपी तुम्हाला टोचत असणार. हे कुणी सांगितलं होतं आजवर?"

"बायकोने माझ्या डोक्याबद्दल बरंच सांगितलंय, पण हे नाही."

तिघंही हसली. मग त्याने राखाडी हॅट डोक्यावर ठेवली, आरशात बघितलं, आणि ती काढायचं त्याच्या मनात येईना. डावीकडे टोचत असणारच. तरी तो तीच घेऊन गेला.

"असं काय असतं गं त्यात?" धाकटीने विचारलं.

"नवी टोपी माणसाकडे बघत बसते," थोरली म्हणाली. "आता तू काय करणार, कुठे जाणार, कसा दिसणार? जुनीला काही पडलेलं नसतं. तिचं सगळं बघून झालेलं असतं."

थोरली स्वतः रोज आपल्या भिंतीवरची एखादी उतरवून घालायची. कधी कडा पडलेली, कधी चक्क पुरुषी. घरात, म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, डोक्याला रुमाल. नवरा गेल्यावर लहानग्या लेकीला घेऊन ती माहेरी परतली, तेव्हापासूनची ही सवय. आणि इतक्या वर्षांत धाकटीच्या हातची हॅट तिने एकदाही घातली नव्हती.

सुरुवातीला धाकटी विचारायची. थोरली म्हणायची, "ठमे, तू गिऱ्हाइकांची डोकी खा. माझं राहू दे." पुढे धाकटीने विचारणं सोडलं. मनातून मात्र ते गेलं नाही. तिच्या पेटीत जांभळट तपकिरी फेल्टचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या कापडाचा, एक तुकडा होता, इतका मऊ की हातातून निसटायचा. चांगल्या चांगल्या गिऱ्हाइकांनी मागितला. प्रत्येकाला ती सांगायची, "त्याच्यावर डाग आहे." डाग नव्हता. परक्यांच्या डोक्यांवर आपले हात फिरतात, आणि ज्या डोक्याशेजारी उशी टाकून आपण लहानाच्या मोठ्या झालो, तेवढं एक डोकं आपल्याला ठाऊक नाही, हे तिला भरल्या दुकानात मधेच आठवायचं. मग किटली उकळून उकळून कोरडी व्हायची.

थोरलीचे गुडघे गेले. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायला लागली. दूरदेशी राहणारी लेक फोनवर कधी चिडायची, कधी रडायची, शेवटी तिने ठणकावलं, "आई, आता पुरे. मी न्यायला येतेय." दोन दिवस थोरली आपल्या हॅट्सवरची धूळ झटकत राहिली. तिसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याला बोलावून अख्खी डावी भिंत एकगठ्ठा देऊन टाकली.

"सगळ्या?" धाकटीने विचारलं.

"एक सोडून. तीच घालून जाईन. सामानात टोप्या न्यायच्या नाहीत, लेकीची ताकीद आहे."

"कोणती?"

"बघू. अजून ठरत नाही."

धाकटीचा हात इस्त्रीवरच राहिला. "ताई, मी करून देते."

"झालं सुरू."

"एकदा माप घेऊ दे. पाच मिनिटं लागत नाहीत."

"ठमे, जाताना भांडण नको."

"भांडत कुठेय मी?"

"तू भांडत नाहीस, तोंड पाडतेस. त्यापेक्षा भांड."

विषय तिथेच बंद झाला. पण या वेळी धाकटीने ठरवलं. माप नाही दिलं तर नाही. आपण करायचीच. आता नाही तर कधीच नाही.

आधी ती शेजारच्या पार्लरवालीकडे गेली. थोरली महिन्यातून एकदा तिथे जायची.

"ताईच्या डोक्याचा घेर साधारण केवढा असेल गं?"

पार्लरवालीने कात्री थांबवली. "माझा संबंध केसांशी. डोकं ज्याचं त्याचं." एवढं बोलून ती उगाच कंगवे धुवायला लागली. काहीतरी सांगायचं तिने टाळलं, हे धाकटीच्या लक्षात आलं. काय टाळलं, ते आलं नाही.

मग तिला वडिलांचं आठवलं. लहानपणी ते दोघींत मिळून एकच हॅट करायचे. दोघींचे केस सारखेच दाट, घेर सारखाच. ठोकळाही एकच होता. "पोरींची डोकी एका मापाची, आत काय भरलंय ते वेगळं," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. धाकटीने आरशासमोर बसून स्वतःच्या डोक्याला पट्टी लावली. माप लहानपणच्या ठोकळ्याहून मोठं भरलं, पण ते भरणारच. मोठी झाली ती काय आपण एकटीच?

थोरली दुपारी निरोप घ्यायला एकेका घरी जायची, तेवढ्या वेळात काम चालायचं. पेटीतलं फेल्ट निघालं. वाफ देऊन, ओढून, ठोकळ्यावर चढवून तिने दोरीने आवळलं. वाळल्यावर कड कापली. समोरून थोडी खाली, म्हणजे ऊन डोळ्यांत जाणार नाही. मागून वळवलेली, म्हणजे थोरली गाडीत मान टेकून झोपली तरी मोडणार नाही. आत चामड्याची पट्टी शिवली. प्रत्येक टप्प्यावर ती स्वतः घालून बघायची. हॅट अशी बसली होती, की काढताना कपाळ थंड पडायचं. एवढी चांगली हॅट आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे तिला शिवतानाच कळत होतं. दारावर पावलं वाजली की ती घाईने हॅट रिकाम्या डब्यात टाकायची आणि दुसऱ्याच कुणाच्या हॅटची कड हातात घ्यायची.

"एवढी घामाघूम का झालीस?" थोरली विचारायची.

"वाफ आहे ना."

जायच्या सकाळी लेक आणि जावई सामान घेऊन पुढे मोठ्या रस्त्याला गेले. गल्लीत गाडी शिरत नव्हती. डावी भिंत उघडी पडली होती, खुंट्यांमागे रंगाचे गोल फिक्कट ठसे. थोरलीने ठेवलेली एक काळी हॅट टेबलावर होती. तिने हात पुढे केला, तेवढ्यात धाकटीने डबा समोर ठेवला. काय बोलायचं ते तिने दहादा घोकलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "ही."

थोरलीने झाकण काढलं. फेल्टवरून बोटं फिरवली. "डाग असलेलं कापड," ती म्हणाली.

"हो."

"सोद्ये."

तिने पाठ न वळवता, रुमालावरूनच, हॅट डोक्यावर ठेवली. हॅट थांबलीच नाही. कपाळावरून सरकत भुवयांवर आली, नाकावर टेकायची तेवढी बाकी राहिली. खाली थोरलीची फक्त हनुवटी दिसत होती.

दोघींपैकी कुणी हसलं नाही.

"असं कसं?" धाकटीचा आवाज फाटला. "माझ्या डोक्याला तर..." उभ्या आयुष्यात तिचं माप चुकलं नव्हतं. ओळखीपाळखीच्या डोक्यांचं नाही, परक्यांचंही नाही. चुकलं ते इथे.

थोरलीने हॅट काढली. मग रुमालाची गाठ सोडली. टाळूवर विरळ, पांढरे, लहान बाळासारखे केस होते, आणि त्यातून कातडी दिसत होती. वडील ज्या डोक्याबद्दल बोलायचे ते डोकं आता तिथे नव्हतं.

"कधीपासून?"

"लेक झाली तेव्हापासून जायला लागले. आधी वाटलं, येतील परत." तिने काळ्या हॅटची आतली पट्टी उलटी केली. मागे कापडाची घडी घालून बसवलेली होती. "प्रत्येकीत अशी घालावी लागते. तू माझ्या मालाला हात लावत नाहीस, ते बरंच पडलं."

"मला सांगितलं असतंस तर मी..."

"तर तू मापात केली असतीस. मला ठाऊक आहे तू कशी करतेस. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही." थोरली रुमाल पुन्हा बांधायला लागली. "मला नको होतं गं कुणी इतकं मोजलेलं. दुसऱ्याची टोपी सैल झाली तर दोष टोपीचा. माझ्या मापाची असती, तर मीच कमी पडत गेले असते."

धाकटीने नवी हॅट उचलली. "दे. दोन मिनिटांत बसवून देते. पट्टीमागे घडी घालते, किटली गरमच आहे."

थोरलीने हॅटची कड धरली. सोडली नाही. "ही कुणाच्या मापाची म्हणालीस?"

"माझ्या."

"घालून बघितलीस?"

"बघावीच लागते. कितीदा तरी."

थोरलीने हॅट उलटी करून आत बघितलं. चामड्याच्या पट्टीवर कपाळाचा पुसटसा ओलसर ठसा होता, अजून काळा न पडलेला. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे झालीच की जुनी."

"ताई, निदान घडी तरी..."

"हात लावू नकोस. खबरदार."

"डोळ्यांवर येईल. वाऱ्याने उडेल."

"धरेन की."

तिने हॅट घातली, मागे सारली आणि आरशात न बघता टेबलावरची पिशवी उचलली. काळी हॅट तिथेच राहिली. उंबऱ्याशी तिने रिकाम्या हाताने धाकटीच्या गालावर चापट मारली. जोरात, लहानपणी मारायची तशी. "भिंतीला ओल धरेल. रंग लाव," म्हणाली आणि निघाली.

गल्ली लांब होती. गुडघ्यांमुळे थोरली डुलत चालायची, आता जास्तच डुलत होती. एका हातात पिशवी. दुसरा डोक्यावर, हॅटच्या माथ्यावर दाबून धरलेला. वळणाशी ती थांबली, पूर्ण वळली. निरोपाला हलवायला हात शिल्लक नव्हता. तिने पिशवी खाली ठेवली नाही आणि हॅटही सोडली नाही. तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग वळणाआड गेली.

धाकटी दारात होती. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे सरळ खाली लोंबत होते. त्या सकाळी वारा अजिबात नव्हता.