रंग न भरलेला फोटो

सांगलीत मदन उपाध्ये याचा फोटो स्टुडिओ होता. त्याची थोरली बहीण गुणमाला आतल्या खोलीत काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग भरायची. एकाहत्तरच्या लढाईनंतर खेड्यापाड्यांतून, लढाईत पडलेल्या जवानांचे फोटो येऊ लागले. आईबाप सांगायचे, वर्दी हिरवीगार करा, गालावर लाली द्या. दीड वर्ष ती तेच करत होती. अलीकडे ब्रश हातात घेतला की तिला बसवेनासं व्हायचं.

त्र्याहत्तरच्या एका रविवारी मदन लग्नाच्या फोटोंसाठी जयसिंगपूरला गेला. गुणमालानं जुना डबा कॅमेरा पिशवीत घातला नि बाहेर पडली.

हळदीच्या बाजारात तिनं पिवळ्या धुळीनं माखलेले हमाल टिपले. एक अडत्या ओरडला, "ओ बाई, कुठल्या पेपरच्या तुम्ही?" ती तशीच पुढं गेली. कुठंच पाय ठरेना.

दुपारी एका शाळेत चित्रांचं प्रदर्शन दिसलं, म्हणून आत शिरली. भिंतीभर नदी, घाट, घागरी घेतलेल्या बायका. एकीच्याही कपाळावर घाम नाही. तिच्या हातातला कॅमेरा बघून चित्रकार हसले. "त्यात काय, बटण दाबलं की झालं. कला हातात असावी लागते."

गुणमालाच्या नखांत रंग होता. तिनं मूठ मिटली आणि बाहेर पडून तरातरा चालत आयर्विन पूल गाठला.

पुलावर हरणाबाई नावाची एक म्हातारी टेकली होती. भाजी विकून ती सांगलवाडीला घरी निघाली होती. कॅमेरा बघताच म्हणाली, "दम धर, पदर सारखा करती."

"राहू द्या. आहात तशाच बसा."

"आन मेल्यावर भित्तीवर ह्योच टांगायचा व्हय?" म्हणत ती स्वतःच खदखदून हसली. गुणमालानं बटण दाबलं.

"अक्का, तोंड उघडंय की हिचं," फोटो बघून मदन म्हणाला. "कोण घेणार?"

तिनं तो रंग न भरता दर्शनी काचेत लावला. आठ दिवसांनी हरणाबाई तणतणत आत आली. "दात न्हाईत त्ये समद्यास्नी दावतीस व्हय गं?"

गुणमाला ओशाळली. तिनं तिला खुर्चीत बसवून तोंड मिटलेला, पदर घेतलेला दुसरा फोटो काढला. दोन दिवसांनी तो न्यायला आलेली म्हातारी दारात थबकली. "त्यो हसरा तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. पर काचंत नगं."

गुणमालानं तो आपल्या खोलीत लावला. रविवारी तिनं कॅमेरा उघडपणे खांद्याला अडकवला.

"मिरजेला चाललेय," ती मदनला म्हणाली. "रंगवायला फोटो आले तर उद्या बघू."