एक पावसाळा जाऊ द्या

माझ्या माहेरी माणूस गेलं की जाळतात. तिसऱ्या दिवशी राख सावडून नदीत सोडतात, तेराव्याला जेवणं उठतात आणि लोक आपापल्या वाटेनं जातात. दुःख राहतं, पण जाऊन बघण्यासारखं काही राहत नाही. मी महागावकडची, कास्तकाराच्या घरची. कबर म्हणजे काय आणि पावसात ती काय करते, हे माझी मुलगी मातीत ठेवेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

मी लग्न ख्रिस्ती माणसाशी केलं. पांढरकवड्याला शिवणक्लासला आले होते, तो तिथल्याच एका शाळेत मास्तर होता. जुळलं. माहेरच्यांनी बरीच वर्षं माझं तोंड पाहिलं नाही. सासरच्यांनी पाहिलं, पण आज ना उद्या ही बाप्तिस्मा घेऊन मंडळीत येईल अशा नजरेनं. मी काही गेले नाही. नाताळाच्या करंज्या तळायला मी सगळ्यांत पुढे, देवळात मात्र शेवटच्या बाकावर, तेही लुगडं नवं असलं तर. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. त्या देवाशी माझं भांडण नव्हतं, ओळखही नव्हती. खिडकीखाली मशीन टाकून मी ब्लाउज शिवायची. रविवारी बापलेक उपासनेला गेले की घर माझं.

मुलगी नर्सिंगला होती. होस्टेलवरून होळीच्या सुटीत आली ती डोळे पिवळे करूनच. कावीळ कोणाला होत नाही? उसाचा रस पाजला, तेलतिखट बंद केलं, डॉक्टरला दाखवलं. एक दिवस ती मला ओळखेना. कावीळ डोक्यात गेली, असं म्हणाले. नागपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. रिकाम्या हातांनी परत आलो असं लोक म्हणतात. हात रिकामे असते तर बरं झालं असतं. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मग मंडळी आली. देवळाची सगळी माणसं, घर भरून. पुरुष कब्रस्तानात खोदायला गेले, बायांनी चूल ताब्यात घेतली आणि गाणी सुरू झाली. ख्रिस्ती लोक मयताला गातात हे मी सासऱ्यांच्या वेळी पाहिलं होतं, पण माझ्या पोरीपुढे पेटी-ढोलकी घेऊन बसलेले लोक पाहून माझं डोकं फिरलं. सगळ्यांत खणखणीत आवाज माझ्या नवऱ्याचा. एक शब्द चुकला नाही, एक सूर हलला नाही. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. याच्या छातीत काय दगड आहे का, असं वाटलं.

पुढे रोज संध्याकाळी ते प्रार्थनेला येऊ लागले. समजूत घालणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. देवानं दिली, देवानं नेली. देवाला आवडली. त्यांच्यात एक म्हातारी होती, सगळी मंडळी तिला मावशी म्हणते. ती माझा हात धरून म्हणाली, "देवाच्या बागीच्यात फुलं लागतात व बाई."

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "मंग बजारातून आन म्हना त्याले."

मावशी तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, डब्यात कढी घेऊन. मी कढी तशीच ठेवली. ते प्रार्थनेला डोळे मिटायचे तेव्हा मी उठून मशीनवर बसायची आणि पाय मारायची. खडखड खडखड. ते आवाज वाढवायचे, मी वेग वाढवायची. शेजारणींच्या ब्लाउजांच्या शिवणी त्या दिवसांत किती वेड्यावाकड्या गेल्या ते त्यांनाच माहीत, बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत.

मला एकच गोष्ट हवी होती. तेरावं आमच्या अंगात भिनलेलं असतं. काहीतरी पुरं झालं पाहिजे, हात धुतले पाहिजेत. इथं तर नुसता मातीचा ढीग होता आणि त्यावर लाकडाचा क्रूस. मला तिची कबर पक्की बांधून हवी होती, पांढऱ्या टाइल्सची, आणि लगेच.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "बाई, एक पावसाळा जाऊ द्या. काळी जमीन आहे, हालते ते. बसू द्या मातीले."

नवराही तेच म्हणाला. मला वाटलं, मी त्यांच्यातली नाही म्हणून ही टाळाटाळ आहे. पोरीला सुद्धा दुय्यम ठेवतात. मी नवऱ्याला म्हटलं, "तुही असन मंडळी, माही पोरगी आहे." आणि बाहेरगावचा मिस्त्री आणून बांधून घेतली. तेव्हा उन्हाळा होता. कब्रस्तानातली जमीन अशी फाटली होती की भेगेत मनगटापर्यंत हात जाईल. त्या भेगा मी रोज पाहत होते. आमच्या शेतातही अशाच पडायच्या, आणि पहिल्या पाण्यानं मिटायच्या. मिटताना जमीन फुगते, हे शेतकऱ्याच्या पोरीला कळायला हवं होतं. पण शेतात आम्ही कापूस पेरतो, घर बांधत नाही.

कबर सुरेख झाली. मी दर आठवड्याला जायची, ओल्या फडक्यानं टाइल्स पुसायची. तेवढं एक काम होतं जे केलं की थोडा वेळ श्वास येई. मंडळीला मी सांगून टाकलं की आमच्या घरी आता गाणं नको, प्रार्थना नको, कोणी येऊ नका. आले नाहीत. घर सुनं झालं. नवरा शाळेतून येई, जेवून आतल्या खोलीत बसे. आम्ही एकमेकांशी मीठ दे, दार लाव एवढंच बोलत होतो. आईचा फोन आला होता, ये म्हणाली, आता तिथं तुझं काय राहिलं? मी पिशवी भरलीही. पण पोरीला एकटीला त्या लोकांच्या जमिनीत ठेवून जायचं कसं, इथं येऊन अडायची. ती कबर होती म्हणून मी त्या घरात होते, दुसरं काही कारण उरलं नव्हतं.

श्रावणात झड लागली. दिवसेंदिवस उघडीप नाही. उघडल्यावर मी चिखल तुडवत कब्रस्तानात गेले. कबर एका अंगाला कलली होती. डोक्याकडची बाजू जमिनीत बसली होती, टाइल्स मधोमध फुटल्या होत्या आणि फटीत गढूळ पाणी भरलं होतं. माझी मुलगी पाण्यात होती. मी जवळ पडलेल्या एका डब्याच्या झाकणानं पाणी उपसायला लागले. जेवढं काढावं तेवढं कडेनं झिरपून आत येई. हात कोपरापर्यंत काळे झाले, झाकण वाकलं. मी त्या देवाला तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. माझी पोरगी नेली ते नेली, तिला कोरडं सुद्धा झोपू देत नाहीस. मग माझ्या लक्षात आलं की तिथं कोणीच नाही आणि मी बेशरमाच्या झुडपांना शिव्या देते आहे.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मुरमाचा शनिवार आहे आता. तवा करू."

ही आमच्या मंडळीची रीत. पावसाचा जोर ओसरला की एका शनिवारी सगळे कब्रस्तानात जमतात. ट्रॉलीभर मुरूम आणतात आणि त्या वर्षी खचलेल्या सगळ्या कबरी भरून काढतात. काळ्या मातीत कबर खचतेच, कोणाचीही असो. पहिलं घमेलं घरच्या माणसानं टाकायचं आणि घरच्याच माणसानं प्रार्थना करायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. घरचं कोणी आलं नसेल तर ती कबर तशीच ठेवून थांबतात.

मी म्हटलं, "त्याह्यले सांगू नको. मी हाकललं त्याह्यले. आता कोन्या तोंडानं बोलावू?"

"बोलवा लागत नाही," तो म्हणाला. "ते येतातच."

त्या शनिवारी तो एकटाच गेला. मी मशीनवर बसले, पण सुईत दोरा जाईना. ते सगळे आता मान हलवत असतील, सांगितलं होतं म्हणत असतील, असंच डोक्यात येत होतं. दुपार कलली तरी तो परतला नाही. शेवटी मी छत्री घेतली आणि निघाले. जाताना उत्तरं तयार करत गेले. कोणी एक शब्द काढला असता तर मी त्याला सोडणार नव्हते.

बाकीच्या कबरींचं काम झालेलं होतं. लाल मुरमाचे ताजे उंचवटे दिसत होते. आणि सगळी मंडळी लिंबाखाली घमेली पालथी घालून बसली होती. भुरभुर चालूच होती. मुरमाचा शेवटचा ढीग ताडपत्रीखाली झाकून ठेवला होता. नवरा त्यांच्यात बसला होता. बापानं टाकलं असतं तरी चाललं असतं, रीतीला तेवढं पुरे होतं. पण मी येईपर्यंत त्यानं कोणाला हात लावू दिला नव्हता.

मावशी मंडळीच्या रीतीनं म्हणाली, "सलाम बाई. च्या ठंडा झाला तुहा."

तेवढंच. सांगितलं होतं, असं कोणी म्हणालं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझी सगळी उत्तरं तशीच राहिली. पाळकसाहेबांनी, देवळाच्या पाद्रींनी, विचारलं, "काढू काय टाइल्स?" मी मानेनंच हो म्हटलं. पुरुषांनी एकेक टाइल हातानं सोडवली, विटा काढल्या, बायांनी पाणी उपसलं. मग मावशीनं घमेलं भरून माझ्या हातात दिलं. जड होतं. मी ते टाकलं. तिच्यावर माती पडल्याचा आवाज मला पुरण्याच्या दिवशी ऐकू आला नव्हता, तो तेव्हा ऐकू आला.

प्रार्थना बापानं करायची होती. सगळ्यांनी डोळे मिटले. तो म्हणाला, "हे प्रभू," आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "हे प्रभू," आणि पुढे काही येईना. मयताच्या दिवशी ज्याचा सूर हलला नव्हता तो माणूस तोंड उघडं टाकून उभा होता आणि त्याची हनुवटी हलत होती. त्याच्या छातीत दगड नव्हता. मी इतके महिने त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

घरच्याच माणसानं बोलायचं असतं. मग मीच बोलले, डोळे उघडे ठेवून.

"मी तुले मानत नाही. हे लोकं मानतात म्हनून बोलून राह्यली. माही पोरगी तू नेली म्हनतात. कायले नेली? काय कमी होतं तुह्या घरी? मी तुले माफ नाही करत. मरेपावतर नाही करत. पण नेलीच आहेस त आयक. तिले अंधारात झोप येत नाही. लाइट चालू ठेवजो."

आणखी काही म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी थांबले. मावशी म्हणाली, "आमेन." मग पाळकसाहेब म्हणाले, मग बाया, मग सगळे. एवढ्या शिव्यांवर ते सगळे आमेन म्हणाले, जणू ती त्यांचीच प्रार्थना होती. सगळ्यांत शेवटी नवऱ्यानं म्हटलं, अगदी हळू, आणि माझ्या हातातलं घमेलं घेतलं.

पुढे मी मंडळीत गेले. साक्ष द्यायला उभं करतात तेव्हा लोक शांती मिळाली, आनंद मिळाला असं सांगतात. मला तसलं काही मिळालं नाही. गाणी मला अजून म्हणवत नाहीत, संध्याकाळी मावशी येऊन बसते तेव्हा आम्ही दोघी नुसत्या बसतो. पण त्या शनिवारी मी त्या देवाकडे पोरीसाठी काहीतरी मागून बसले, आणि तो नाही असं म्हणायची माझी सोय तिथंच संपली. तो नसेल, तर माझी मुलगी अंधारात आहे.