राणीची चोळी मलाच बसली

मी सातवीतून शाळा सुटलेली बाई, मला नाटकातलं काय कळतंय. चोळी बसली म्हणून राणी झाले, दुसरं काय कारण नव्हतं.

लातूर तवा नवीनच जिल्हा झालतं. आमचे हे नव्या ऑफिसात शिपाई म्हणून लागलते आन रेणापूरकडचं गाव सोडून आम्ही भाड्याच्या खोलीत आलतो, हे, मी, माझी सासू म्हणजे अत्याबाई, आन माझं लेकरू, अंगावर पिणारं. ऑफिसातल्या लोकांनी नाटक बसवलतं, आधी लातूरला करायचं आन मग नांदेडला स्पर्धेत न्यायचं. जुन्या काळातल्या एका राणीचं होतं. दुष्काळ पडतो तवा ती धान्याची पेवं उघडती, दागिने देती, अंगावरची वस्त्रंबी देती आन जाड्याभरड्या पांढऱ्या लुगड्यात रयतेपुढं येऊन उभी राहती. आमच्याकडं त्या साली खराच दुष्काळ होता, टँकर आला तर पाणी, न्हाई तर न्हाई, म्हणून हेच नाटक घेतलं म्हणे.

राणीचं काम एका बाबूच्या बायकोला दिलतं. तिच्या मापाची चोळी शिवून झाली आन त्या बाबूची बदली झाली. आता चोळी तयार आन राणी न्हाई. नाटक बसवणारे हेडक्लार्क साहेब, त्यांची बायको शाळेत शिकवायची, तिला समदे वैनी म्हणायचे. कपडे समदे वैनीनंच आखलते, आधी वहीत चितारून आन मग शिंप्याच्या बाजूला बसून. ती म्हणली असा खण आता मिळायचा न्हाई, ज्या बाईला ही चोळी बसंल ती राणी. एकीला काखेत काचली, एकीला ढिली झाली. आमच्या ह्यांना कुठून धाडस आलं देव जाणे, म्हणले, माझ्या बायकोला घालून बघता का.

मला बसली. पुढं तर अशी भरून बसली की वैनी टाळ्या वाजवायला लागली. मला आतून ठाऊक होतं कशानं बसली ते. लेकरू व्हायच्या आधी घातली असती तर अंगावर लोंबली असती. पण हे काय सांगायची गोष्ट असती का, मी खाली बघत उभी राहिले.

मला वाटलं अत्याबाई न्हाईच म्हणतील. मी त्यांना लई भ्यायची, त्या नुसतं खाकरल्या तरी माझ्या हातातलं खाली पडायचं. त्यांनी ह्यांना एवढंच इचारलं, तोंडाला रंग लावतेत का. हे म्हणले, थोडा लावतेत. अत्याबाई म्हणल्या, पुसायला पाणी आपल्याकडं न्हाई, तिकडंच पुसून ये म्हणावं. म्हणजे हाव म्हणल्या.

आता ते लुगडं कसं होतं ते मला नीट सांगता यायचं न्हाई. वांगी रंगाचं रेशमी, वैनीनं उदगीरच्या एका म्हातारीच्या पेटीतून मागून आणलतं. काठाची जर काळवंडलेली. मी म्हणले घासून देऊ का, तर वैनी घाबरली, म्हणली तसंच पाहिजे, जुन्या राणीची जर जुनीच असती. वरून शेला, मोत्यांच्या माळा, कानात बुगड्या, नाकात नथ. समदं घातलं आन माझी चालच बदलली. घागर डोक्यावर घेऊन पळत चालणारी मी, ते रेशीम पायाला असं थोपवून धरायचं की आपोआप सावकाश चालायला लागले, मान वर झाली. तालीम कचेरीत व्हायची, तिथं कपाट होतं, त्याच्या काचेत मी दिसायची. कुणी नसलं की मी तिथं जाऊन उभी राहायची. इकडून बघायची, तिकडून बघायची. घरी आम्ही तांब्याभर पाण्यात अंग पुसायचो, केसाला आठवडा आठवडा पाणी न्हाई, आन काचेत ही कोण बाई उभी हाय म्हणून माझं मलाच हसू यायचं. लाज पण वाटायची. लेकरू रडलं तरी त्या कपड्यात मी त्याला घ्यायची न्हाई, माळा ओढतंय म्हणून संगं आलेल्या अत्याबाईकडंच राहू द्यायची. त्या नुसत्या बघायच्या माझ्याकडं.

नाटकाच्या दिशी सकाळी मला एक बादली दिसली झाकून ठेवलेली, भरलेली. अत्याबाई म्हणल्या, "डोस्क्यावरून घे. रेशमाला घामाचा वास लागतो." त्या स्वतः त्या दिवशी नुसतं तोंड पुसून आल्या.

दुपार कलताना मंडपात नाटक सुरू झालं. गर्दी लई. बाया रिकाम्या घागरी मांडीशी घेऊन बसल्या होत्या, नाटक सुटलं की टँकरकडं जायला. पहिला अंक चांगला झाला, मला समदी वाक्यं आठवली. मी आत आले आन तेवढ्यात बाहेर लेकरू रडायला लागलं. दुसऱ्या कुणाचं असंल असं मनाला सांगितलं, पण अंगाला कळतंय की. शेला काढला तर चोळी ओली झालती, दोन्हीकडून, आन थांबंना. मी दाबून धरलं तरी थांबंना.

दुसऱ्या अंकाला घालायचं पांढरं लुगडं घडी करून ठेवलतं, त्याच्यावर पांढरी चोळी. मऊ, धुऊन धुऊन झिरझिरीत झालेलं कापड. ते घातलं असतं तर स्टेजवर जाईस्तोवर आरपार दिसलं असतं, समोर साहेब लोक, गावातली माणसं, आमचे हे. वैनी पुढं बसलती, आत समदी गडी माणसं. कुणाला सांगू. पडदा ओढणारा म्हणला, बाई चला, चला. मी परत शेला घट्ट लपेटून घेतला आन तशीच गेले, वांगी लुगड्यात, माळा नथीसकट.

माझं वाक्य होतं, "माझ्या अंगावरची वस्त्रंसुद्धा मी रयतेला दिली." दुसरं काय बोलावं ते सुचलंच न्हाई, तेच म्हणले.

मागून एक माणूस म्हणला, "मंग ही कोणाची घातलीस बाई?"

मंडप हसला. बाया तर घागरीवर हात मारून हसल्या. एक म्हणली राणीच्या वाड्यात टँकर येतोय वाटतं. मी तिथं उभी होते, शेला गळ्याशी धरून, आन आत अजून वाहून राहिलं होतं. पुढची वाक्यं मी कशी म्हणले मला आठवत न्हाई.

पडद्यामागं हेडक्लार्क साहेब माझ्यावर धावूनच आले. वैनी पण आली, ओरडली न्हाई, पण तिचं तोंड बघवंना. साहेब ह्यांना म्हणले, तुमच्या बायकोला नटायची हौस होती, नाटक करायची नव्हती. नांदेडला आम्ही दुसरी बाई बघतो. आमचे हे खाली मान घालून हाव साहेब, हाव साहेब म्हणून राहिले. गड्यांच्या घोळक्यात मी काय म्हणणार होते. आन नटायची हौस मला होतीच की, ते तर खोटं नव्हतं.

तेवढ्यात अत्याबाई लेकराला घेऊन आत आल्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आन त्यांना कळलं. साहेबांना म्हणल्या, "अवो, पाजती बाई हाय ती. लेकरू रडलं, चोळी भिजली. पांढऱ्या कापडात तुमच्यापुढं कशी यावी तिनं?"

एवढं मोठ्यानं. साहेब टेबलावरचा कंगवा उचलून परत ठेवायला लागले. मला वाटलं जमीन फाटावी. लोक हसले तवा वाटली नव्हती तेवढी लाज तवा वाटली. वैनीनं मला कोपऱ्यात नेलं, चादर आडवी धरली आन म्हणली, "मला सांगायचंस गं. घोंगडं दिलं असतं पांघरायला. दुष्काळातल्या राणीला घोंगडं शोभलं असतं."

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी समद्यांना ठाऊक झालतं. राणीसाहेब आल्या, व्हा बाजूला, असं म्हणून एकीनं माझी घागर पुढं ओढली, पाजती हाय, भरू द्या तिला. चिडवून म्हणली का मायेनं, मला कळलं न्हाई. मी कुणाच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. एकीनं इचारलं, नांदेडला जातीस का आता. मी न्हाई म्हणले. मागून अत्याबाई म्हणल्या, "जाती. लेकराला मी घेऊन बसते."

साहेबांनी परत दुसऱ्या बाईचं नाव काढलं न्हाई, चोळी मलाच बसत होती. नांदेडला गेलो यष्टीनं. वैनीनं चोळीच्या आत जाड कापड शिवलं आन दुसऱ्या अंकाला काळं घोंगडं दिलं. मी वांगी लुगडं सगळ्यात आधी उतरवलं, घाई घाई, कुणी म्हणायच्या आत. तेच वाक्य म्हणले. कुणी हसलं न्हाई. लेकराचा आवाज पण आला न्हाई.

परत येताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तवा मी भीतभीत इचारलं, अत्याबाई, कसं झालं.

त्या म्हणल्या, "मला काय ठाऊक. ह्याला घेऊन मी रस्त्यानंच फिरून राहिले व्हते. आवाज येऊ न्हाई म्हणून."

लातूरला पण त्या मंडपात लांब, मागं बसलत्या, लेकराला घेऊन. स्टेजवर मला त्या लुगड्यात नीट असं त्यांनी कधी बघितलंच न्हाई. मी लेकराला पदराखाली घेतलं आन खिडकीकडं तोंड केलं. त्या फुटाणे घेतेस का म्हणल्या. मी हात पुढं केला, पण त्यांच्याकडं बघायचा धीर झाला न्हाई.